अकरा वर्षांचे मास्तर

मी शहापूरला कंपाउंडर म्हणून रुजू झालो तेव्हा तिथल्या मिशनच्या मास्तरांचं वय अकरा वर्षं होतं. हे त्यांनीच मला पहिल्या भेटीत सांगितलं. समोर उभा असलेला माणूस पन्नाशीला आलेला, कानशिलं पांढरी, गालफडं बसलेली. मला वाटलं गंमत करतायत, म्हणून मी हसलो. ते हसले नाहीत.

“खर्डी स्टेशनवर, दुपारी पावणेचारला माझं तारण झालं,” ते म्हणाले. “त्याआधीची वर्षं मी धरत नाही. तुझं कधी झालं?”

मी म्हटलं, “माझे आजोबा ख्रिस्ती झाले. आमच्या घरात तेव्हापासून आहेच.”

“म्हणजे तारीख नाही.”

“नाही.”

“मग तू अजून जन्मायचा आहेस,” असं म्हणून ते शाळेकडे चालू लागले.

तेव्हापासून त्यांच्या लेखी मी न जन्मलेलाच राहिलो. माझ्यासमोर ते माझ्याविषयी लोकांशी बोलत, जणू मी खोलीत नाहीच. मला त्या माणसाचा तिटकारा आला तो पहिल्या आठवड्यात, आणि आज इतक्या वर्षांनीही तो फारसा कमी झालेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कोणाला माझ्याकडून निःपक्षपाताची अपेक्षा राहायला नको.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला तेव्हा दोन-तीन वर्षं अवकाश होता. मिशनचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या. डॉक्टर मडम महिन्यातून दोनदा येत, एरवी सगळं माझ्यावर. भिंतीला भिंत लावून प्रार्थनेची खोली होती. मास्तर सकाळी शाळा चालवत, रविवारी उपासना घेत आणि मधल्या दिवसांत उपदेशक म्हणून खर्डी, कसारा, मुरबाड असे पायी फिरत. मिशनचा गोरा साहेब वर्षातून एकदा येई, मास्तरांचा लांबलचक अहवाल वाचे आणि खूश होऊन परत जाई.

तारण हा जन्म आहे, आणि जन्मल्यावर माणसाने वाढलं पाहिजे, अशी मास्तरांची शिकवण होती. यात चूक काहीच नव्हती. माझे वडीलही हेच म्हणत. पण वडिलांच्या मते ही वाढ ज्याची त्याला दिसत नाही, शेजाऱ्याला दिसते. मास्तरांना मात्र स्वतःची वाढ सारखी दिसायची, आणि शेजाऱ्याची कधीच दिसायची नाही.

वाढायचं म्हणजे काहीतरी सोडायचं, अशी त्यांची समजूत होती. दर वर्षी आपल्या नव्या जन्माच्या दिवशी, ऐन थंडीत, ते एक वस्तू कायमची सोडत. पहिल्या वर्षी तंबाखू, दुसऱ्या वर्षी विडा, मग चहा, मग मासळी. इथवर ठीक होतं. सातव्या वर्षी त्यांनी गादी सोडली. नवव्या वर्षी जेवताना बायकोशी बोलणं सोडलं. मास्तरीणबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, “मग मीठ हवं असलं तर काय करतात?”

“ताटाकडे बोट दाखवतात,” त्या म्हणाल्या. “मी कधीकधी मुद्दामच मीठ घालत नाही. तेवढंच बोट तरी दिसतं.”

दुसरी खोड त्यांच्या चालण्याची. विश्वासणाऱ्याने मागे फिरायचं नसतं, म्हणून ते गेल्या वाटेने कधी परत येत नसत. खर्डीला सडकेने गेले की परतताना शेतांतून, ओढ्यांतून, कुठूनही येत. भातलावणीच्या दिवसांत एकदा ते एका कुणब्याच्या शेतात पोटरीपर्यंत रुतले. भाताची रोपं पायाखाली गेली. मी पलीकडच्या बांधावरून एका रोग्याकडे चाललो होतो.

“मास्तर, वाट हिकडं हाय,” तो शेतकरी म्हणाला.

“त्या वाटेने मी सकाळी गेलो.”

“मंग? ती काय झिजली का?”

मास्तर रोपं तुडवत तसेच पुढे गेले. तो माणूस मोडलेली रोपं उचलून पाहत बराच वेळ उभा होता. त्या वर्षीच्या अहवालात मास्तरांनी लिहिलं की अमुक गावाचं मन कठीण आहे.

उपासनेत त्यांनी लोकांना वयाप्रमाणे बसवलं होतं. अर्थात त्यांच्या हिशेबातल्या वयाप्रमाणे. ज्यांचा बाप्तिस्मा जुना ते पुढच्या चटईवर, नवे मागे. साठी उलटलेल्या म्हाताऱ्यांना ते “बाळा, नीट बस,” असं म्हणत. मी न जन्मलेला, म्हणून दाराशी दवाखान्याचं स्टूल घेऊन बसत असे. तिथे वारा चांगला येई.

मुरबाडपलीकडच्या म्हसा गावच्या जत्रेत मात्र त्यांना एकजण भेटला. पौषातली जत्रा, बैलांचा मोठा बाजार भरलेला. मडमने जनावरांच्या जखमांवर लावायचं औषध वाटायला मला पाठवलं होतं, आणि मास्तर उपदेशाला आले होते. दाव्याला बांधलेल्या बैलांच्या रांगेशी उभे राहून ते सांगू लागले की मी बारा वर्षांचा आहे. त्याच आठवड्यात त्यांना बारा वर्षं पूर्ण झाली होती. एक व्यापारी बैलाचा जबडा फाकवून दात बघत होता. त्याने बैल सोडला, धोतराला हात पुसले आणि मास्तरांपुढे येऊन म्हणाला, “आ करा मास्तर. आमी वय दातावरनं सांगतो.”

दोन-तीनशे माणसं हसली. मास्तरांनी तोंड घट्ट मिटलं आणि ते निघून गेले. मीही हसलो होतो, त्यांनी ते पाहिलं. परत येताना ते मुरबाडवरून न येता डोंगरातून कुठूनतरी आले, तिसऱ्या दिवशी, पाय फाटलेले.

एक गोष्ट त्यांच्या बाजूची आहे, ती लिहायला हवी, मनात नसलं तरी. मुरबाडच्या रस्त्यावर एक महारोगी भिकारी मरून पडला होता. दीड दिवस कोणी हात लावला नाही. मास्तरांनी एकट्याने त्याला आंघोळ घातली, आपल्या धोतरात गुंडाळलं, खड्डा खणला आणि पुरलं. हातांना फोड आले होते, ते मीच बांधले. त्या वेळी मला वाटलं, आपण या माणसाला ओळखलंच नाही. पट्टी बांधून होते न होते तोच ते म्हणाले, “हे साधारण नवव्या-दहाव्या वर्षाशिवाय जमत नाही.”

आता बुधीबायविषयी सांगायला हवं. ती खर्डीजवळच्या डोंगरातल्या पाड्यावर राहणारी विधवा, साठीच्या आसपासची. नाचणी-भाताचं थोडं शेत होतं. एकुलता मुलगा म्हादू कसाऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये होता. दोन वर्षांमागे तिचा बाप्तिस्मा झाला होता. ख्रिस्ती का झालीस असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, “बोलवलं म्हनून आले.” कोणी बोलावलं ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. रविवारी ती डोंगर उतरून यायची, सर्वांत मागच्या चटईवर बसायची आणि जाताना माझ्याकडून म्हादूसाठी कोयनेलच्या पुड्या न्यायची. घाटातल्या गँगवर हिवताप फार, म्हादूला दर वर्षी भरायचा.

तिला एकच आस होती, प्रभुभोजनाची, उपासनेत पाळकाच्या हातून भाकर आणि द्राक्षरस घेण्याची. पाळक दर तीन महिन्यांनी येत आणि पंक्तीला कोण योग्य हे मास्तरांना विचारत. मास्तर तिचं नाव गाळत. एकदा तिने माझ्यासमोरच त्यांना विचारलं.

“मास्तर, मला कदी मिळनार?”

“तू अजून दुधावर आहेस. आधी दूध पचू दे.”

“आमच्याकडं म्हस कंदीच नव्हती, मास्तर,” ती शांतपणे म्हणाली. “आमी पेजेवरच वाढलो.”

मास्तरांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी तिला पाठ करायला दिलेले धडे पुन्हा म्हणायला लावले. ते तिला येत नव्हते.

बाराव्या वर्षाला मास्तरांनी औषध सोडलं होतं. ज्याची श्रद्धा वाढली त्याला बाटली लागत नाही, असं ते दवाखान्याच्या दारात उभे राहून रोग्यांना सांगत. काढा मात्र चालत असे, कारण तो घरचा, चुलीवरचा. पाऊस संपला, कार्तिक लागला आणि मास्तरांना हिवताप झाला. असा की खाट थडथड वाजायची. दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाई दवाखान्यात आल्या, पदराखाली पितळी पेला घेऊन.

“भाऊ, कोयनेल द्या.”

“ते घेणार नाहीत.”

“घेतील. किराइताच्या काढ्यात घालीन. कडूत कडू, कळायचं नाही.”

“कळलं तर?”

“कळलं तर कळलं. माणूस मेल्यावर वाढणार कुठे?” त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. “फक्त तुम्ही कोणाला सांगू नका. शब्द द्या.”

मी शब्द दिला. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ मी पेल्यात कोयनेल घातलं आणि त्यांनी काढ्यात. नवव्या दिवशी मास्तर उठून बसले.

त्या रविवारी त्यांनी साक्ष दिली. अशक्त दिसत होते, पण डोळे चमकत होते. आपण एक थेंबही औषध न घेता मरणाच्या दारातून परत आलो, हे त्यांनी तपशीलवार सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, “बाराव्या वर्षी मनुष्य इथे पोचतो.” मास्तरीणबाई खाली मान घालून चटईची काडी उपसत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दोघंही गप्प बसलो. मला मनातून हसूही येत होतं, हे कबूल करतो. इतका मूर्ख माणूस इतक्या लोकांसमोर इतका मूर्ख ठरतोय आणि ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक आहे, याची मला गंमत वाटत होती.

उपासना संपल्यावर बुधीबाय दवाखान्यात आली. पदराची गाठ सोडून तिने गेल्या वेळच्या उरलेल्या पुड्या माझ्या टेबलावर ठेवल्या.

“ह्ये ठिव. आता नको.”

“का?”

“मास्तर बिगर औषदाचे बरे झाले. म्हादूसाठी मीबी मागीन.”

“मास्तरांची गोष्ट वेगळी, बुधीबाय.”

“कशी येगळी?”

उत्तर माझ्या जिभेवर होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण मी शब्द दिला होता, आणि दुसरं असं की ही गोष्ट फुटली तर मास्तर साहेबाला लिहितील आणि माझी नोकरी जाईल, हेही मनात आलं. आधी काय आलं ते आता सांगता येत नाही. मी म्हणालो, “त्यांचा ताप साधा होता.”

“त्यांच्यासाठी एक देव आन् आमच्यासाठी दुसरा, असं हाय का?”

“तसं नाही. पण तू पुड्या ने.”

मी बळेच तिच्या हातात कोंबल्या. ती गेल्यावर बाहेर पाहिलं तर पुड्या बाकावर नीट एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या.

तीन आठवड्यांनी गँगचा मुकादम निरोप घेऊन आला की म्हादूचा ताप डोक्यात गेलाय, त्याला पाड्यावर नेलंय. मी होतं तेवढं कोयनेल पिशवीत टाकून जवळच्या आसनगाव स्टेशनवरून गाडी पकडली, खर्डीला उतरलो आणि डोंगर चढलो. म्हादू ओसरीत घोंगडीवर पडला होता. माणूस ओळखत नव्हता, दात आवळलेले. चमच्याने घातलेलं सगळं ओठांतून बाहेर आलं. बुधीबाय त्याच्या डोक्याशी बसून पुटपुटत होती. ऊन उतरायच्या आत तो गेला. पंचवीस वर्षांचा असेल. भावकीने त्याला जाळलं. भावकीतलं कोणी तिच्याशी बोललं नाही.

पुढच्या रविवारी ती आली. मला वाटलं नव्हतं येईल. नेहमीच्या जागी, मागच्या चटईवर बसली. मास्तरांनी उपदेश तिच्यावरच केला. नाव न घेता, पण तिच्याकडे बघून.

“दोन वर्षांच्या बाळाने बारा वर्षांच्या माणसाचं ओझं उचलू नये,” ते म्हणाले. “उचललं तर ते पडणारच. यात देवाला दोष नाही. श्रद्धा लहान होती.”

मी स्टुलावरून उठलो. कसा उठलो माहीत नाही. “मास्तर,” मी म्हणालो, “तुम्हाला कोयनेल दिलं होतं. काढ्यातून. आठ दिवस. मी दिलं होतं.”

मास्तर मला म्हणाले, “खोटं.” मी उत्तर द्यायच्या आत मास्तरीणबाई उठून उभ्या राहिल्या.

“खरं आहे,” त्या म्हणाल्या. “मी घातलं.”

मास्तर त्यांच्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर राग येईल, लाज येईल, निदान काहीतरी येईल म्हणून मी वाट पाहत होतो.

“कुठल्या दिवसापासून?” त्यांनी विचारलं.

“तापाच्या दुसऱ्या दिवसापासून.”

त्यांनी बोटांवर मोजलं. खरोखर मोजलं, सगळ्यांसमोर, ओठ हलवत. “म्हणजे ते बारावं वर्ष धरता येणार नाही,” ते म्हणाले. “ते बाद.”

तेव्हा मागच्या चटईवरून बुधीबाय बोलली. आवाज अगदी हलका होता. “आन् म्हादू, मास्तर? त्यो कुठं धरायचा?”

मास्तरांनी पुस्तक मिटलं, डोळे मिटले आणि “आपण प्रार्थना करू या,” म्हणाले. एरवी या शब्दांसरशी सगळी डोकी खाली जात. त्या दिवशी एकही गेलं नाही. त्यांनी एकट्याने प्रार्थना केली आणि वीस माणसं त्यांच्याकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात आले. आंघोळ केलेली, केस चापून बसवलेले, चेहरा टवटवीत. “मला आज पहाटे साडेपाचला क्षमा मिळाली,” त्यांनी सांगितलं.

“बुधीबायला भेटलात?”

“तिला कशाला?”

“क्षमा मागायला.”

“पाप देवाविरुद्ध असतं,” ते म्हणाले, लहान मुलाला समजवावं तसं. “तुला हे जन्मल्यावर कळेल.”

मी हातातली बाटली खाली ठेवली, कारण ती त्यांच्या अंगावर फेकावी असं फार वाटत होतं.

त्यांना शिक्षा झाली असं कोणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. साहेबाला त्यांनी स्वतःच सगळं कळवलं. साहेबाला त्या पत्रातली नम्रता इतकी आवडली की पाच-सहा महिन्यांत त्यांना मिशनच्या घाटावरच्या मोठ्या ठाण्यावर नेमलं, नव्या उपदेशकांना शिकवायला. विषय होता विश्वासणाऱ्याची वाढ. जाण्याच्या दिवशी मास्तर बैलगाडीत पाठमोरे बसले होते. मास्तरीणबाई माझ्याकडे आल्या. “तिकडे दवाखाना कुठे आहे ते आधी विचारून घेईन,” एवढंच बोलल्या. पुढे त्यांची भेट नाही.

मास्तर गेल्यानंतर पाळकांची पहिलीच फेरी झाली. त्यांना सगळी हकीकत कळली होती. भाकर आणि पेला घेऊन ते पुढच्या चटया ओलांडून सरळ बुधीबायपाशी गेले आणि तिच्यापुढे वाकले. दोन वर्षं जिच्यासाठी ती डोंगर उतरत होती ती गोष्ट तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. तिने पाहिलं आणि मान हलवली.

“आता नको,” ती म्हणाली. “माज्या पोटात राग हाय. तो घेऊन कशी घेऊ?”

पाळकांनी हलक्या आवाजात काही समजावलं. ती ऐकून घेत होती आणि मान हलवत होती. त्यानंतर दर तीन महिन्यांनी हेच झालं. बाकी ती कोणत्याच गोष्टीला नाही म्हणेना. कोयनेलच्या पुड्या आता ती स्वतः मागून न्यायची, आपल्या पाड्यावर आणि आसपासच्या चार पाड्यांवर वाटायची. ज्या भावकीने तिला वाळीत टाकल्यासारखं केलं होतं, त्यांच्याही दारात जायची. नुसती देऊन यायची नाही. समोर उभी राहायची, “गिळ माज्या देखत,” म्हणायची, आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावायची. लढाईच्या काळात कोयनेल दिसेनासं झालं तेव्हा मी मडमच्या हातापाया पडून तिच्या वाट्याचं मिळवून ठेवत असे. ते तिला माहीत होतं. त्याबद्दल ती कधी चांगलं बोलली नाही, वाईटही बोलली नाही.

लढाई संपत आली होती त्या सुमारास पाळक पुन्हा आले, पुन्हा तिच्यापुढे वाकले आणि तिने पुन्हा मान हलवली. उपासना सुटल्यावर मी तिला दवाखान्याच्या पायरीवर गाठलं. इतक्या वर्षांत मी हा विषय काढला नव्हता.

“बुधीबाय,” मी म्हणालो, “मास्तर जाऊन किती वर्षं झाली. ते कुठे आहेत, जिवंत आहेत की नाहीत, कोणाला ठाऊक. त्यांच्यावरचा राग आता सोड. त्या माणसापायी तू आपलं किती अडवून घेणार?”

तिने पुड्या मोजून पदरात बांधल्या. मग माझ्याकडे नीट पाहिलं. राग दिसत नव्हता, थकवा दिसत होता.

“मास्तरचा राग कुठं? मास्तरचं त्याच वर्षी मिटलं रे,” ती म्हणाली. “त्याला ठावं नव्हतं. तुला ठावं व्हतं.”

ती पायरी उतरली. दोन पावलं जाऊन थांबली, पण मागे वळली नाही.

“सोडायचं चाललंय माजं,” ती म्हणाली. “रोज थोडं व्हतं.”

आणि खर्डीच्या वाटेला लागली.